फळीवरचा टेप

सुरतेच्या लिंबायत भागातल्या आमच्या व्यायामशाळेत सकाळी कोणती कॅसेट लागली आहे एवढं कळलं, की आज कोण किती वजन उचलणार हे मी दारातूनच सांगतो, अशी माझी एके काळी ख्याती होती. ख्याती म्हणजे मीच ती सांगत फिरायचो आणि मंडळी बिचारी वस्तादाचा मान राखायला मान डोलवायची. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी चाळिशीला टेकलो होतो, दंड बरे होते, आणि जगातली अक्कल आपल्या वाट्याला जरा जास्तच आली आहे असं वाटण्याचं ते वय होतं. गाण्याचा आणि ताकदीचा संबंध मी शोधून काढलाय अशी माझी समजूत होती. संबंध होता, यात शंका नाही. पण गाणं माणसाच्या अंगात शिरतं कुठून, हे मला लोटनने दाखवलं. ते आठवलं की आजही माझे हात आपोआप जोडले जातात.

मी मूळचा अमळनेरकडचा. एकोणिसाव्या वर्षी मामांबरोबर सुरतेला आलो आणि अकरा वर्षं लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवले. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. खात्यात शंभर-सव्वाशे लूम एकदम चालतात, तेव्हा शेजारच्याच्या कानाला तोंड लावून बोंब मारली तरी पोचत नाही. म्हणून तिथे कोणी ओरडतच नाही. तोंड मोठं करायचं, एकेक अक्षर ओठांनी नीट रेखायचं आणि बिनआवाजाचं बोलायचं. समोरचा ओठ वाचतो आणि तसंच उत्तर देतो. लांबच्याला बोलवायचं असेल तर सुताची रिकामी बॉबिन त्याच्या पायाशी फेकायची. आमच्या खानदेशी मंडळींचे जमिनीचे व्यवहार, सोयरिकी, भांडणं, सगळं त्या गोंगाटात असं मुकाट्याने होत असे. खातं सुटलं तरी ही खोड सुटत नाही. लग्नानंतर महिनाभर माझी बायको समजत होती की मी तिला वेडावून दाखवतो.

पुढे मोहल्ल्यातल्या मंडळाने पत्र्याच्या शेडमध्ये व्यायामशाळा काढली आणि मला लोखंडाची आवड म्हणून वस्ताद नेमलं. सगळे मला आप्पा म्हणत. सकाळी आठला रातपाळी सुटली की विणकर मंडळी तशीच इकडे यायची, केसांत कापसाचे तंतू घेऊन.

बाहेरच्या माणसाला वाटतं वजन उचलणं म्हणजे दात-ओठ खाऊन जोर लावणं. खरं काम त्याच्या आधी होतं. आधी अंग गरम करायचं असतं. नुसती रिकामी दांडी, तीच वीस किलोची, दहा-बारा वेळा. मग दोन्ही बाजूंना छोट्या चकत्या, आठ वेळा. मग थोडं अजून, पाच वेळा. असं करत करत मोठ्या वजनापर्यंत जायचं. सांधे सैल झाले पाहिजेत, श्वास लयीत आला पाहिजे, मनातली भीती बाहेर गेली पाहिजे, आणि एवढं होऊन ताकद मात्र खर्च होता कामा नये. या वीस मिनिटांत जो चुकला तो पुढे फसला. आणि या वीस मिनिटांत आमच्याकडे टेप वाजत असे.

हजीऱ्याच्या एका कारखान्यात क्रेन चालवणारा एक जण यायचा. अंगाने रेडा, आवड सिनेमातल्या धांगडधिंग्याची. गाणं लागलं की गडी पेटायचा. दहाच्या जागी वीस वेळा दांडी मारायचा, तीही ठेक्यावर, मधूनच शीळ घालत. आणि खरं वजन समोर आलं की हात थरथरायला लागायचे. गाणं त्याच्या अंगात यायचं आणि जाताना ताकद घेऊन जायचं. मी त्याची कॅसेट पहिल्या दोन गाण्यांवर बंद करायला लागलो. महिन्याभरात त्याची दांडी साडेसात किलोने वाढली, पण तो माझ्यावर रुसला तो रुसलाच.

दुसरा एक काठियावाडी, हिरे घासणारा. दिवसभर चाकावर वाकून, श्वास धरून बसायचं काम. त्याला भजनं आवडायची. भजन लागलं की हा आणखी आत आत मिटत जायचा आणि साठ किलोला हात टेकायचा. एकदा नवरात्रात मी मुद्दाम गरब्याचा ढोल लावला. त्याची छाती उघडली, श्वास मोकळा झाला आणि सत्तर किलो त्याने पिशवी उचलावी तसे उचलले. खाली ठेवून स्वतःच्या हातांकडे बघत राहिला.

अशी चार-दोन उदाहरणं घडली आणि मी शास्त्रज्ञ झालो. गाणं ताकद देत नाही, ते आतला नन्ना काढून टाकतं. कोणाचा नन्ना कोणत्या गाण्याने निघेल हे वस्तादाने ओळखायचं. हे मी तेव्हाही म्हणायचो आणि आजही म्हणतो. फक्त गाणं कानातूनच जातं, असं मी धरून चाललो होतो.

लोटन पारोळ्याकडचा. तिशी ओलांडलेला, शिडशिडीत, मान मात्र खांबासारखी. आमच्या भागातल्या मोठ्या खात्यात तो एकटा आठ लूम सांभाळायचा. आठ लूम सांभाळणारा विणकर म्हणजे आमच्या लोकांत इज्जतदार माणूस. लूमचा आवाज किंचित बदलला की धागा कुठे तुटला हे ओळखून धावायचं असतं, ते कान सगळ्यांना नसतात. कोणाचे कान गेले की त्याला लूमवरून काढून माल वाहायला नाहीतर झाडायला लावतात. ते काम वाईट नाही, पण मग गावाकडून येणारी माणसं त्याच्याकडे उतरत नाहीत.

बोलायला लोटन महाकंजूष. समोर जाऊन विचारलं तर उत्तर द्यायचा, पाठीमागून हाक मारली तर ढुंकूनही बघायचा नाही. पोरं म्हणायची, आठ लूम मिळाले म्हणून शिंगं फुटली. मी त्याची बाजू घ्यायचो. खात्यातला माणूस हाकेला वळत नाही, कारण तिथे हाक मारतच नाहीत, हे मला माहीत होतं. मीही त्याला खडूचा तुकडा फेकूनच बोलवायचो. तो वळला की ओठांनी सांगायचो. आम्हा दोघांत आवाज लागतच नव्हता, आणि त्याचं मला कधी नवल वाटलं नाही.

आमची वजनं उचलायची जागा म्हणजे जुन्या ट्रकच्या हौद्याच्या जाड फळ्या, चार वाशांवर ठोकलेल्या. खालून पोकळ. विजेचं बटण त्या कोपऱ्यात होतं म्हणून टेपही त्या फळीवरच असायचा. लोटन अनवाणी फळीवर चढायचा, आधी वाकून टेपच्या खोक्यावर तळहात ठेवायचा, थोडा वेळ तसाच राहायचा, मग दांडीला हात घालायचा. मला वाटायचं, कोणी मारुतीला नमस्कार करतो, हा टेपला करतो. लोखंड उचलणारी माणसं सगळीच थोडी विक्षिप्त असतात.

एकदा माझ्या बायकोने चुकून घरची कॅसेट माझ्या पिशवीत टाकली. माझ्या धाकट्या बहिणीच्या हळदीला बायकांनी म्हटलेली गाणी त्यात भरून घेतली होती. बायका आपल्या उंच आवाजात नवरदेवाच्या मिशीची टिंगल करताहेत आणि मागे गावातला ढोलवाला जीव तोडून बडवतोय. मी ती लावली आणि सगळे हसायला लागले. लोटन हसला नाही. त्याने टेपवर हात ठेवला, आणि नेहमीपेक्षा बराच वेळ ठेवला. मग बाकावर उताणा झोपला.

बाकावर झोपून करायचा प्रकार म्हणजे बेंच प्रेस. दांडी हात ताठ करून वर धरायची, सावकाश छातीवर आणायची, टेकवून थांबायचं, आणि पंचांनी ‘प्रेस’ म्हटलं की वर ढकलायची. त्या दिवशी लोटनने एकशे पंधरा किलो वर ढकलले. त्याआधीची त्याची मजल एकशे पाचची होती. शेडमध्ये अशी शांतता झाली की हळदीच्या बायकांचं हसू तेवढं ऐकू येत होतं. मी पुष्कळ माणसं वजन उचलताना पाहिली, पण साठ-पासष्ट किलोच्या देहातून असं काही निघताना पाहिलं नव्हतं. आणि अर्थात, श्रेय मी कॅसेटला दिलं आणि कॅसेट आणणारा म्हणून स्वतःलाही.

तेव्हापासून लोटनची वेळ म्हणजे हळदीची वेळ. त्या वर्षी जिल्ह्याची बेंच प्रेस स्पर्धा सुरतेतच व्हायची होती. प्रत्येक वजनगटातला पहिला राज्याच्या स्पर्धेला जाणार होता. लोटनने आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं. मला त्यात उतरायचंय, म्हणाला. त्याच्या गावात त्याच्या आज्याने बैलगाडी पाठीवर उचलल्याची गोष्ट सांगतात, आणि लोटन सुरतेत धागे जोडतो अशी त्याची थट्टा होते, हे मला त्याच्या नात्यातल्या एकाने सांगितलं. त्याला राज्याला जायचं होतं, एवढं खरं.

आणि नेमकी तेव्हा माझ्या शहाणपणाला भरती आली. पडणाऱ्या वजनांनी टेप हादरतो, एक दिवस मोडेल, म्हणून मी भिंतीवर सिमेंटची फळी बसवून घेतली आणि टेप तिथे उंचावर ठेवला. आवाज सगळीकडे छान जायला लागला. सगळे खूश झाले. दुसऱ्याच आठवड्यात लोटन एकशे पंधरावरून एकशे दहावर आला आणि मग एकशे पाचवर.

मी म्हटलं, कॅसेट झिजली. नवी भरून आणली. फरक नाही. मग ढोल बदलून पाहिला, संबळ लावली, लेझीम लावली, शेवटी त्या क्रेनवाल्याचा धांगडधिंगासुद्धा लावला. लोटन भिंतीखाली उभा राहून टेपकडे बघायचा, हात उंच करायचा, पण हात पोचत नसे. एकदा माझ्यासमोर येऊन म्हणाला, “आप्पा, टेप फळीवर ऱ्हाऊ द्या ना.” मी म्हटलं, अरे, भिंतीवरून आवाज चांगला येतो, तुला काय करायचंय. तो परत दांडीकडे गेला. मी त्याला नाही म्हटलं ते नुसतं टेपच्या काळजीपोटी, आणि हे मला पुढे फार लागलं.

स्पर्धा एका समाजाच्या वाडीत होती. सुरतेत लग्नाच्या हॉलला वाडी म्हणतात. जिथे नवरा-नवरी बसतात त्या लाकडी मंचावर बाक मांडला होता. सकाळपासून गर्दी होती. पुढच्या चार रांगांत लोटनच्या खात्यातली मंडळी, त्यांच्या मधोमध हिलाल मुकादम. कोणाला किती लूम द्यायचे हे ठरवणारा तो माणूस. आडव्या हाडाचा, मिशीत बोलणारा. लोटनने त्याला पाहिलं आणि मान खाली घातली.

मुख्य पंच एक वृद्ध पारशी गृहस्थ होते, सगळे त्यांना बावाजी म्हणत. पांढरा शर्ट, पांढरी पँट, आणि नियमाला इतके पक्के की त्यांचे स्वतःचे शिष्य त्यांना टरकून असत. ते बाकाच्या डोक्याकडे खुर्ची टाकून बसले. प्रत्येकाला तीन संधी. तिन्ही फसल्या तर नाव यादीतूनच बाद.

पहिल्या संधीला लोटनसाठी मी एकशे पाच सांगितले. हातखंडा वजन. त्याने दांडी छातीवर आणली, टेकवली. बावाजींनी खणखणीत आवाजात ‘प्रेस’ म्हटलं. लोटन तसाच. दांडी छातीवर, डोळे छताकडे. दोन सेकंद, चार सेकंद. मी बाजूने ओरडलो. दोघा मदतनिसांनी शेवटी दांडी उचलून घेतली. तिन्ही पंचांचे लाल दिवे लागले, संधी गेली.

मला वाटलं घाबरला. दुसऱ्या वेळी पुन्हा एकशे पाच. या वेळी दांडी छातीला लागते न लागते तोच त्याने ती झटक्यात वर मारली. हात ताठ, वजन वर, पण बावाजींनी अजून तोंडही उघडलं नव्हतं. पुन्हा लाल. पुढच्या रांगांतून हळहळ उठली. गटात आघाडीवर असलेल्या खेळाडूचे एकशे दहा झाले होते. लोटनची एक संधी उरली होती.

मंचामागे नवरीच्या तयारीची खोली होती, आरसा, खुंट्या, कोपऱ्यात वाळलेल्या फुलांचा ढीग. मी तापलो होतो. पाठमोऱ्या लोटनला म्हटलं, गाढवा, दोनदा चुकलास, इतकं सोपं तुला कळत नाही? तो वळला नाही. मी त्याच्या खांद्याला धरून त्याला फिरवलं. घामाने डोळे चुरचुरत होते म्हणून टॉवेलने तोंड पुसता पुसताच विचारलं, तुला पंचांचं ऐकू नाही का आलं?

लोटनची नजर माझ्या तोंडावर होती. टॉवेलवर. ती नजर टॉवेलच्या कडेने माझे ओठ शोधत होती. मी टॉवेल खाली घेतला आणि त्याचे डोळे लगेच ओठांवर येऊन बसले. मी खालच्या पाटावर बसलो.

आवाज न करता, खात्यात बोलतो तसं मी विचारलं, तुला ऐकू येत नाही.

“नही आप्पा,” तो म्हणाला. “तीन वरीस व्हई ग्यात. पहिले एक कान गया, मंग दुसरा.”

तीन वर्षं. त्यातली दोन तो माझ्यासमोर रोज उभा राहिला होता. सरावात ‘प्रेस’ कोण म्हणायचं? मीच, त्याच्या डोक्याकडे उभा राहून, त्याच्यावर वाकून, सवयीने बिनआवाजाचं. तो माझे उलटे ओठ वाचायचा. दुसरा कोणी वस्ताद असता, मुंबईचा नाहीतर बडोद्याचा, तर आठ दिवसांत त्याच्या लक्षात आलं असतं. पण आम्ही दोघंही खात्याचे. बहिऱ्याशी बोलण्याची भाषा मला आधीपासून येत होती, म्हणून तो बहिरा आहे हेच मला दिसलं नाही.

आणि हळद? विचारायची गरजच नव्हती. पोकळ फळ्या, अनवाणी पाय, खोक्यावरचा तळहात. ढोल त्याच्या तळव्यांतून वर चढत होता. बाकावर झोपला तरी पाय फळीवर असायचे. मी टेप भिंतीवर टांगला तेव्हा त्याचं गाणं मी बंद केलं होतं, आणि वर कॅसेटी बदलत बसलो होतो. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

त्याच्यापुढे दोन वाटा होत्या, आणि त्या त्याला माझ्याआधी दिसत होत्या. पंचांना सांगावं तर ते जाहीर होणार, समोर हिलाल मुकादम बसलेला. आठ लूम जाणार. न सांगावं तर तिसरी संधी नशिबावर. मी म्हटलं, तू म्हणशील तसं. लोटनने आरशाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. बाहेर दुसऱ्या कोणाच्या तरी नावाचा पुकारा झाला.

“सांगी द्या त्यास्ले,” तो म्हणाला. “जे व्हई ते व्हई.”

मी बावाजींकडे गेलो आणि कानाशी लागून सांगितलं. बाकीचे दोन पंच पुस्तक चाळायला लागले. एक म्हणाला, असं चालत नाही, आज्ञा ऐकून पाळायची असते. बावाजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि गुजरातीत म्हणाले, “नियममां इशारो लख्यो छे, डीकरा. कान नथी लख्यो.” नियमात इशारा लिहिलाय, कान लिहिलेला नाही.

मग ते स्वतः उठले. लोटनला रिकाम्या दांडीखाली झोपवलं, आणि मागे जाऊन, त्याला दिसणार नाही अशा ठिकाणी, मंचाच्या फळीवर बुटाची टाच आपटली. लोटनने दांडी वर केली. पुन्हा आपटली, पुन्हा वर. तिसऱ्या वेळी बावाजींनी पाय नुसता उचलला आणि आपटलाच नाही. दांडी छातीवरच राहिली. बावाजींनी माइकवर सांगितलं की या खेळाडूला ऐकू येत नाही, त्याला आज्ञा पायाने दिली जाईल. मी हिलाल मुकादमाकडे पाहायचं टाळलं.

लोटनची पाळी यायला थोडा वेळ होता. मी व्यायामशाळेतून बरोबर आणलेला टेप उचलला आणि मंचाच्या कडेला, थेट लाकडावर ठेवला. बावाजींनी मानेनेच परवानगी दिली. बटण दाबलं आणि लग्नाच्या त्या वाडीत माझ्या बहिणीची हळद सुरू झाली. बायका नवरदेवाची मिशी उपटायला निघाल्या. लोक खदाखदा हसले. बहुतेकांना ही बायकांची थट्टेची गाणी आपापल्या घरून माहीत होती. लोटनला त्यातलं काही नव्हतं. त्याने तळहात टेपवर ठेवला, स्पर्धेच्या नियमापुरते घातलेले पातळ तळव्याचे कॅनव्हासचे बूट फळीवर रोवले आणि डोळे मिटले. हळूहळू त्याचा श्वास ढोलाच्या लयीत यायला लागला. रिकामी दांडी, मग साठ, मग नव्वद, प्रत्येक वेळी मोजकंच. हसणारे लोक एकेक करून गप्प झाले. मी आयुष्यभर गाण्यांवर बोलत आलो होतो, पण गाणं ऐकणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

तिसऱ्या संधीला त्याने मला बोटांनी आकडा दाखवला. एकशे साडेबारा. तेवढं झालं तर पहिला, नाहीतर काहीच नाही.

टेप बंद केला. दांडी खाली आली, छातीला टेकली, थांबली. बावाजींचा पाय उचललेला. मला तो पाय वर्षभर हवेत असल्यासारखा वाटला. मग टाच पडली. आवाज फार मोठा नव्हता, दाराची कडी पडावी एवढाच. दांडी छातीवरून निघाली, मध्यावर येऊन अडली, लोटनच्या पोटऱ्या थरथरल्या, आणि ती पुन्हा वर सरकायला लागली, इंच इंच करत, हात ताठ होईपर्यंत. तीन पांढरे दिवे. खात्यातली सगळी मंडळी उभी राहिली, पण टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. सगळ्यांनी एकदम जमिनीवर पाय आपटले. कोणी सांगितलं नव्हतं. त्या वाडीची जमीन हादरली, आणि बाकावर उठून बसलेला लोटन पायांकडे बघून हसला.

मुकादम मंचावर चढला. मी आडवा झालो. म्हटलं, हिलालभाऊ, आजचा दिवस त्याला काही बोलू नका. त्याने मला बाजूला सारलं.

“माले कवयनं माहीत शे,” तो म्हणाला. “धागा तुटना का बाकीना ऐकतस न् पळतस. हाऊ लूमवर हात ठेवस न् तुटाना आधी जास. त्याले काब्र काढू?”

म्हणजे लोटनला ऐकू येत नाही आणि धागा तुटणार हे तो हातानेच ओळखतो, हे खात्यातल्या गोंगाटात बसलेल्या मुकादमाला केव्हापासूनच ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मला, गाण्यांच्या जाणकाराला. लोटनचे आठ लूम राहिले. राज्याला तो पाचवा आला, तिथल्या मंचाखाली सिमेंट होतं. पण पारोळ्यात त्याची थट्टा बंद झाली. टेप मी त्याच संध्याकाळी भिंतीवर न चढवता परत वजनांच्या लाकडी फळीवर ठेवला. पुढे तो वजनाने खरोखरच मोडला, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

एकदा मी त्याला ओठांनी त्या गाण्याचे शब्द सांगितले. मिशी, नवरदेव, करवलीचा टोमणा. तो थक्क झाला. ढोलाच्या ठेक्यावरून तो ते कानबाईचं गाणं समजला होता, आमच्या खानदेशातल्या देवीचं. म्हणून आधी हात लावायचा.

लोटन नंतर गावी परत गेला. माझे कानही हळूहळू गेले. अकरा वर्षांच्या लूमने आपला हिशेब उशिरा का होईना पुरा केला. आम्हाला कोणी कधी कानात घालायला कापूसही दिला नव्हता, आणि आम्ही मागितलाही नव्हता, याची खंत वाटते. कानाला यंत्र लावतो, पण ते शिट्ट्या मारतं म्हणून बहुतेक खिशातच असतं.

मध्यंतरी आमच्या व्यायामशाळेची नवी इमारत झाली. तिथे आता एक मुलगी वस्ताद आहे, आम्ही तिला ताई म्हणतो. उद्घाटनाला तिने लोटनला पारोळ्याहून बोलावून घेतलं. जुन्या फळ्या तिने फेकल्या नाहीत, एका कोपऱ्यात तशाच बसवल्या आहेत आणि मोठा स्पीकर त्यांच्यावर ठेवला आहे. आम्ही दोघं म्हातारे चपला काढून त्यांच्यावर चढलो. तळव्यांखाली काहीतरी धडधडत होतं. समोरची तरुण मंडळी आमच्याकडे बघून हसत होती, कारण आम्ही नुसतीच तोंडं हलवत होतो.

कोणतं गाणं आहे, मी ओठांनी विचारलं.

लोटनने डोळे मिटले. मग ओठांनीच म्हणाला, “तुमना बहीणनी हळद.”

खरंच तीच लावली होती का, ते मला कळलं नाही. मलाही ऐकू येत नव्हतं. मी वाकलो आणि त्याच्या हाताशेजारी माझा हात स्पीकरवर ठेवला.